बोक्याचे खडे आणि बांगड्याची बदनामी

"मासे बंद करा. मासे खाऊनच त्याला खडे झालेत." लघवी अडलेल्या बोक्याबद्दल दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही विचारा, शेजारपाजारचा निकाल हाच. त्याला जोडून दुसरा: "विहिरीचं पाणी जड असणार." मला या खटल्यात दोन्ही आरोपींचं वकीलपत्र घ्यावंसं वाटतं. विहिरीचं लवकर आटपतं. जांभ्यातून झिरपलेलं पाणी सहसा मृदू असतं, साबणाला फेस भरपूर येतो.

बांगड्याची बाजू जास्त मजेशीर आहे. ताज्या मासळीच्या वजनात सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं. १९५९ मध्ये अमेरिकेत ए. व्ही. वुल्फ आणि सहकाऱ्यांनी मांजरांना नुसते मासे किंवा मांस घालून, प्यायला पाणी न देता ठेवलं, मांजरांचं भागलं. त्याच वर्षी त्यांनी मांजरांना चक्क समुद्राचं पाणी पाजून पाहिलं, तेही त्यांच्या मूत्रपिंडांनी निभावून नेलं. (किनाऱ्यावर राहतो म्हणून कोणी हे घरी करू नये.) माणसाला हे जमत नाही, कारण मांजर आपल्या दुपटीहून दाट लघवी करू शकतं. त्याचे पूर्वज कोरड्या मुलखातली रानमांजरं. पाणी भक्ष्यातूनच मिळायचं, म्हणून तहान लागण्याची यंत्रणा मंद आणि पाणी राखण्याची मात्र कडक. ताजा मासा पोटात जातो तोवर हे छान चालतं. तेच मांजर दहा टक्क्यांहून कमी पाणी असलेल्या, दुकानातल्या कोरड्या खाद्याच्या दाण्यांवर राहिलं, की ते वाटीतून थोडं जास्त पाणी पितं खरं, पण तूट भरून काढण्याइतकं पीत नाही.

आता खड्यांकडे वळू. बोक्याच्या लघवीत नेहमी सापडणारा स्फटिक म्हणजे स्ट्रुव्हाइट: एक मॅग्नेशियम, एक अमोनियम, एक फॉस्फेट आणि सोबत पाण्याचे सहा रेणू. १८४५ च्या सुमारास हॅम्बुर्गमध्ये एका चर्चच्या पायाखालच्या जुन्या शेणखतात तो खनिज म्हणून ओळखला गेला. सांडपाण्याच्या नळांत जमणारा पांढरा थरही बऱ्याचदा हाच असतो. म्हणजे यात मांजराचं खास असं काही नाही. हे तीन आयन (विद्युतभार असलेले कण) पुरेशा गर्दीत एकत्र आले की तो कुठेही बनतो.

ही 'पुरेशी गर्दी' मोजायची कशी, हा माझा आवडता भाग. शिरोड्याच्या मिठागरात पाणी आत घेतल्या घेतल्या मीठ दिसत नाही. पाणी आटत आटत ठरावीक दाटपणाच्या पुढे गेलं की खडे धरतात. मूत्राशयातही तसंच, पण इथे घटक तीन असल्यामुळे तिघांच्या दाटपणाचा गुणाकार बघायचा. हा गुणाकार मर्यादेखाली असेल तर आहे तो स्फटिकही विरघळतो, वर गेला तर नवा धरतो. लघवीचं प्रमाण दुप्पट झालं तर प्रत्येक घटक निम्मा होतो आणि गुणाकार निम्म्याच्या निम्म्याचा निम्मा, म्हणजे एक अष्टमांश. नुसत्या पाण्याने! इतकं स्वस्त औषध दुसरं नाही.

दुसरी किल्ली आम्लतेची. लघवीतलं फॉस्फेट वेगवेगळ्या रूपांत फिरत असतं: कुणाला दोन हायड्रोजन चिकटलेले, कुणाला एक, आणि अगदी थोड्यांना एकही नाही. स्ट्रुव्हाइटला लागतं ते हे शेवटचं, बिनहायड्रोजनचं फॉस्फेट. लघवी आम्लधर्मी असेल तर हायड्रोजन आयनांची रेलचेल असते आणि फॉस्फेट मोकळं सुटत नाही. पीएच (आम्लता मोजायची पट्टी; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ६.२ वरून ७.२ वर गेला, तर एक हायड्रोजनवालं फॉस्फेट साधारण साडेपाचपट होतं आणि त्यातून सुटणारं मोकळं फॉस्फेट आणखी दहापट. एकूण पन्नासपटीच्या वर. पट्टीवर एका घराचा फरक, आणि मूत्राशयात पन्नासपट! इथे डोकं गरगरलं असेल तर एवढंच धरा: लघवी पातळ आणि किंचित आम्ल असेल तर स्ट्रुव्हाइट टिकत नाही.

आम्ल येतं कुठून? मांस-मासळीच्या प्रथिनांतल्या गंधकापासून. धान्य-भाजीपाल्यावर लघवी उलट अल्कधर्मी होते. म्हणजे दोष द्यायचाच तर तो बांगड्याला नव्हे, मासा नावाला आणि भात डोंगराएवढा, या ताटाला द्यावा लागेल. त्यात जून-जुलैची मासेमारीबंदी आली की ताजं म्हावरं ताटातून जातं आणि त्या जागी सुकट येते, उन्हात पाणी गेलेली आणि वर खारवलेली, किंवा मग दुकानातले दाणे. बाहेर पाऊस कोसळत असतो, बोका पडवीतून हलत नाही, लघवीही धरून ठेवतो. एकेक गोष्ट क्षुल्लक आहे, पण सगळ्या एकाच दिशेने ढकलतात.

मात्र नुसते स्फटिक दिसणं म्हणजे आजार नव्हे. धडधाकट मांजरांतही ते सापडतात. तरुण मांजरांत लघवीला जळजळ आणि रक्त येण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण खडे नसून ताणामुळे होणारा मूत्राशयदाह आहे. नवीन मांजर घरात येणं, पाहुण्यांची गर्दी, जागाबदल, एवढंही त्याला पुरतं. जीवघेणा प्रकार वेगळा. बोक्याची मूत्रनलिका टोकाला फारच अरुंद असते. तिथे चिकट द्रव्य आणि स्फटिकांचा बोळा बसला की लघवी तुंबते, रक्तात पोटॅशियम चढतं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. बोका पुन्हा पुन्हा मातीत उकिडवा बसतो, शेपटी थरथरते, पुढचा भाग चाटत राहतो, आणि लादीवर पडतो तो फार तर गुलाबी थेंब. पाहणाऱ्याला वाटतं बद्धकोष्ठ आहे. कोणी एरंडेल पाजतं. रात्री तो कळवळून ओरडतो तेव्हा "मांजर रडतंय, अपशकुन आहे" म्हणून त्याला हाकललं जातं किंवा मीठ-मोहरीने दृष्ट काढली जाते. शकुन काय असेल तो असो, त्या ओरडण्याचा अर्थ त्याच रात्री डॉक्टर गाठा, एवढाच. नळी घालून वाट मोकळी करणं आणि सलाईन, याला घरगुती पर्याय नाही.

माणसांची औषधं तर मुळीच नकोत. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. लघवीच्या जळजळीवर आपण घेतो ते सायट्रेटचं गुलाबी सिरप लघवी अल्कधर्मी करतं, म्हणजे वरचा पन्नासपटीचा हिशेब नेमका बोक्याच्या विरोधात फिरवतं. कुळथाचं पाणी घरोघर दिलं जातं ते माणसाच्या खड्यावर, आणि माणसाचा खडा बहुधा कॅल्शियम ऑक्झलेटचा असतो; जातच वेगळी.

तीच जात मांजरांतही आहे आणि तिच्यामुळे गोष्ट सरळ राहत नाही. ऐंशीच्या दशकात मांजरांच्या खड्यांत स्ट्रुव्हाइटचं राज्य होतं. खाद्यकंपन्यांनी मॅग्नेशियम कमी केलं, आम्लता वाढवली. स्ट्रुव्हाइट घटला आणि नव्वदच्या दशकात ऑक्झलेट पुढे सरकला. तो आहाराने विरघळत नाही, शस्त्रक्रियाच लागते. म्हणून 'युरिनरी' छापलेलं खाद्याचं पाकीट मनाने सुरू करू नये. पाणी मात्र दोन्ही जातींवर चालतं.

ते पोटात घालायचं कसं? मासा बिनमिठाचा उकडा, काटे काढा आणि उकडलेलं पाणी त्यातच राहू द्या. कालवणातला रस नको. कांदा-लसूण मांजराला विषारी. दाणेच देत असाल तर ते भिजवून द्या. पाण्याच्या वाट्या दोन-तीन ठिकाणी, जेवणाच्या थाळीपासून लांब ठेवा. आणि वकील असूनही सांगतो, नुसत्या मासळीवरही ठेवू नका. काही कच्च्या माशांत बी-१ जीवनसत्त्व मोडणारं विकर (एन्झाइम) असतं, तेलकट माशांचा अतिरेक वेगळेच दुखणे आणतो. बांगड्यासोबत कोंबडीचं मांस आणि डॉक्टरांनी सुचवलेला ओला आहार असावा. खडा स्ट्रुव्हाइटचा असेल तर योग्य आहारावर तो बहुधा काही आठवड्यांत विरघळतो.

तपासणीला लघवी नेताना ती फ्रीजमध्ये ठेवू नका. थंडीत स्फटिक बाटलीतच तयार होतात आणि रिपोर्टवर बोक्याच्या नावाने चढतात. तासाभरात पोचवा. जेवल्यावर पोटात आम्ल सुटतं, तेव्हा काही तास लघवीचा पीएच आपसूक वर जातो. म्हणून बोका कधी जेवला आणि नमुना कधी घेतला, दोन्ही वेळा चिठ्ठीवर लिहून बाटलीला चिकटवा.