चालू प्रोग्रामला स्वतःचा पाथ कसा कळतो

युनिक्ससारख्या सिस्टिमवर, म्हणजे लिनक्स, मॅकओएस, फ्रीबीएसडी वगैरे, चालू प्रोग्रामने आपली स्वतःची फाइल डिस्कवर नेमकी कुठे आहे, म्हणजे तिचा पाथ काय, हे शोधून काढणं. लागतं कशाला, तर शेजारी ठेवलेली सेटिंगची फाइल, आयकॉन, फाँट उचलायला. म्हापशातल्या एका दुकानासाठी मी बिलिंगचा प्रोग्राम केलेला, माझ्याकडे टर्मिनलवर त्याच्याच फोल्डरमधून मस्त चालायचा आणि तिथे शुक्रवारच्या बाजाराच्या गर्दीत डेस्कटॉपच्या आयकॉनवरून उघडला तर दरांची फाइलच सापडेना, कारण मी ती चालू डिरेक्टरीत शोधत होतो. चालू डिरेक्टरी म्हणजे प्रोग्राम जिथून चालवला ती जागा, प्रोग्राम राहतो ती नव्हे.

सगळ्यात जुना रस्ता आर्ग-व्ही शून्य, म्हणजे मेन फंक्शनला मिळणाऱ्या यादीतला पहिला शब्द. त्यात प्रोग्रामचं नाव असतं खरं, पण ते घालतो चालवणारा. प्रोग्राम सुरू करणाऱ्या एक्झेक-व्ही-ई ह्या सिस्टिम कॉलला फाइलचा पाथ वेगळा द्यायचा आणि ही यादी वेगळी, दोन्ही जुळलंच पाहिजे असा नियम नाही, नुसती पद्धत आहे. लॉगिन केल्यावर उघडणाऱ्या शेलला, म्हणजे टाइप केलेल्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामला, तर पुढे डॅश लागून '-बॅश' असं येतं, आणि बिझीबॉक्स, म्हणजे अनेक कमांड पोटात घेतलेली एकच फाइल, ह्या शब्दावरूनच ठरवते की आता एलएस व्हायचं की कॅट. शेलमध्ये नुसतं नाव टाइप केलं तर इथेही नुसतं नावच येतं, मग पाथ नावाच्या व्हेरिएबलमध्ये प्रोग्राम शोधायच्या ज्या डिरेक्टऱ्या लिहिलेल्या असतात त्या एकेक करून धुंडाळत बसा. यादी अगदी रिकामीसुद्धा देता यायची, जानेवारी २०२२ मध्ये पीकेएक्झेकमधलं (दुसऱ्या युजरच्या अधिकाराने कमांड चालवणारा प्रोग्राम) जे मोठं भोक उघड झालं, ज्यातून साधा युजर थेट रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, व्हायचा, ते त्यातूनच. लिनक्स ५.१८ पासून कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, अशा यादीत एक रिकामा शब्द घालून देतो.

म्हणून कर्नललाच विचारलेलं बरं. लिनक्सवर /प्रॉक/सेल्फ/ईएक्सई ही सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल) रीडलिंक ह्या कॉलने वाचली की पाथ मिळतो, फक्त रीडलिंक शेवटी मजकूर संपल्याची खूण असलेली शून्य बाइट लावत नाही, ती आपण लावायची, विसरलात तर पाथच्या मागे कचरा येतो. फ्रीबीएसडीवर हेच काम सिसकंट्रोल करतो, सोलारिसवर गेट-एक्झेक-नेम. ओपनबीएसडीवर असं विचारायची सोयच नाही. आणि पायथनच्या स्क्रिप्टमधून ती लिंक वाचली तर स्क्रिप्टचा नाही, पायथनचा पाथ येतो.

हे उत्तरही त्या घडीपुरतंच. कर्नल आयनोड, म्हणजे डिस्कवरची फाइलची मूळ नोंद, धरून ठेवतो, नाव नव्हे, त्यामुळे चालू असताना फाइल पुसली तरी प्रोग्राम चालतच राहतो आणि लिंकमधल्या पाथच्या शेवटी कंसात 'डिलीटेड' दिसायला लागतं. हार्ड लिंकने एका फाइलला दोन नावं असली तर दोन्ही सारखीच खरी, पणजी म्हणा की पंजिम. त्यामुळे परवानगी द्यायची की नाही असले निर्णय पाथवर कधीच टाकू नयेत. म्हापशाच्या प्रोग्रामात तर मी शोधणंच काढून टाकलं, दरांची फाइल सेटिंगच्या ठरलेल्या जागी, /ईटीसी खाली ठेवली.