बारा पंचम, सात सप्तकं आणि न मिटणारी फट

‘बाखनं 1722 साली वेल-टेम्पर्ड क्लाविअर लिहिलं आणि आजच्या पियानोची स्वरजुळणी रूढ झाली’ हे वाक्य परवा पुन्हा वाचनात आलं आणि राहवलं नाही. वेल-टेम्पर्ड क्लाविअर हा कळफलकाच्या वाद्यांसाठीच्या रचनांचा संग्रह, आणि वेल-टेम्पर्ड म्हणजे ‘नीट जुळवलेलं’, ‘समान जुळवलेलं’ नव्हे. त्या जुळणीत चोवीसही पट्ट्या (बारा मेजर, बारा मायनर) वाजवता येत, पण प्रत्येकीचा रंग थोडा वेगळा असे. आजच्या इक्वल टेम्परामेंटमध्ये, म्हणजे समान जुळणीत, हा फरकच पुसला जातो.

मुळात जुळवाजुळव करावी का लागते? सा आणि प यांच्या वारंवारतेचं गुणोत्तर 2:3. प ला सा मानून त्याचा प घ्या, मग त्याचा प. अशा बारा उड्या मारल्या की आपण जवळजवळ सात सप्तकं वरच्या सा वर पोचतो. जवळजवळच! दीडचा बारावा घात 129.75 येतो, दोनचा सातवा घात 128. ही फट म्हणजे पायथागोरियन कॉमा. उड्या वाढवूनही ती मिटत नाही, कारण तीनचा कुठलाही घात विषम आणि दोनचा सम. ते कधीच भेटणार नाहीत.

मग फट लपवायची कुठे, एवढाच प्रश्न उरतो. मीनटोन जुळणीत गंधार गोड राहावा म्हणून पंचम किंचित उतरवत. त्याची भरपाई एका कोपऱ्यातल्या पंचमाला करावी लागे. तो इतका बेसूर व्हायचा की त्याला ‘लांडगा’ म्हणत, आणि संगीतकार त्या पट्टीत पाऊलच टाकत नसत. इक्वल टेम्परामेंट फट बाराही पंचमांत सारखी वाटून टाकतं: प्रत्येक स्वर मागच्याच्या 1.05946 पट, म्हणजे दोनचं बारावं मूळ. चीनच्या मिंग घराण्यातल्या झू झाइयू या राजपुत्रानं 1584 च्या सुमारास हा आकडा काढला होता.

किंमत मोजतो तो गंधार. 220 हर्ट्झच्या सा वर शुद्ध गंधार (गुणोत्तर 4:5) 275 ला बसतो, पियानोवर तो 277.18 ला येतो. प्रत्येक स्वरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट अशा वारंवारताही वाजतात, त्या हार्मोनिक्स. सा चा पाचवा हार्मोनिक 1100, पियानोच्या गंधाराचा चौथा 1108.7. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला जवळजवळ नऊ वेळा आवाज थरथरतो. यांना बीट्स म्हणतात. फोनवरच्या टोन जनरेटरवर करून पाहा, पण साइन तरंग ठेवू नका. त्यात हार्मोनिक्सच नसतात, त्यामुळे ही थरथर ऐकू येणार नाही. सॉटूथ निवडा. पंचमाची थरथर सेकंदाला एकदासुद्धा पुरती होत नाही, म्हणून तो कानाला खपतो.

(जाता जाता: ‘432 हर्ट्झ हा विश्वाचा सूर’ म्हणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं की हर्ट्झ सेकंदावर मोजतात, आणि सेकंद माणसानं ठरवलाय. शिवाय नेहमीच्या 440 वरून 432 वर सगळेच स्वर सारखे खाली आणले तर गुणोत्तरं तीच राहतात. गंधार तेवढाच चढा!)

सप्तकाचे बाराच भाग का? दोन पाया धरून दीडचा लॉगरिदम 0.58496 येतो, म्हणजे पंचम सप्तकाच्या एवढ्या अंशावर बसतो. त्याचा सतत अपूर्णांक मांडला की 3/5, 7/12, 24/41, 31/53 असे जवळचे अपूर्णांक मिळतात. छेद म्हणजे सप्तकाचे भाग. 53 भागांत पंचमाची चूक सेंटच्या साधारण पंधराव्या हिश्शाएवढी राहते, जिथे अख्खं सप्तक 1200 सेंटचं. पण कीबोर्डच्या एवढ्या पट्ट्यांवर बोटं फिरवायची कशी?

विसाव्या शतकात काही संगीतकारांना बाराचा कंटाळा आला. अमेरिकन चार्ल्स आइव्ह्जनं 1924 मध्ये पाव स्वराच्या फरकानं लावलेल्या दोन पियानोंसाठी रचना केल्या, चेक संगीतकार आलोइस हाबा तर पाव स्वरांतच रमला. गंमत अशी की चोवीस भाग करूनही गंधार तसूभर सुधारत नाही. बारा भागांत गंधार 100-100 सेंटच्या चार टप्प्यांवर, आणि 50-50 सेंटचे आठ टप्पे म्हणजे पुन्हा तेच 400. नवे रंग मिळतात, जुनी चूक राहते. अमेरिकन संगीतकार हॅरी पार्चनं समान विभागणीच झुगारली. त्यानं सप्तकात 43 असमान स्वर घेतले आणि त्यांच्यासाठी वाद्यंही स्वतःच घडवली.

मला मात्र सतराव्या शतकातल्या डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्सचा 31 भागांचा हिशोब सर्वांत आवडतो. नेदरलँड्सचे भौतिकशास्त्रज्ञ आद्रियान फोकर यांनी त्यावरून ऑर्गन बनवून घेतला, 1950 साली तो हार्लेममध्ये उभा राहिला. त्यात पंचम पाच सेंट उतरतो, हे खरं. पण 220 च्या सा वर गंधार 275.12 ला येतो, आणि सेकंदाला नऊदा होणारी ती थरथर दोन सेकंदांतून एकदाच होते.