चार सुती बोल्ट आणि न बसणारं पॅकेज

‘लिबएसएसएल १.१ लागतं, पण ते इन्स्टॉल करता येत नाही.’ शिरोली एमआयडीसीतल्या एका मशीन शॉपच्या ऑफिसात, नवीन उबुंटू २२.०४ (लिनक्सचा एक प्रकार) टाकलेल्या कॉम्प्युटरवर आलेल्या इंग्रजी ओळीचा हा सरळ अर्थ. मोजमापाच्या यंत्रासोबत मिळालेला जुना प्रोग्राम त्यावर चढवायचा होता. जुन्या कॉम्प्युटरवर तो बिनतक्रार चालत होता. नव्यावर चढायलाच तयार नाही. “जुन्यावर पळतंय आणि नव्यावर हुईना झालंय, हे कसं काय ओ सर?” असं तिथल्या ऑपरेटरने विचारलं. प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर शोधत गेलं की गाडी गणितातल्या एका कुप्रसिद्ध कोड्यापाशी जाऊन थांबते.

कुठलाही प्रोग्राम सगळं काम स्वतः करत नाही. फाइल दाबून लहान करणं, चित्र दाखवणं, नेटवर माहिती कुलूपबंद करून पाठवणं, अशी कामं आधीच कुणीतरी नीट लिहून ठेवलेली असतात. अशा तयार कोडच्या गठ्ठ्याला लायब्ररी म्हणतात. लिनक्समध्ये एकच लायब्ररी डिस्कवर एकदाच ठेवतात आणि शेकडो प्रोग्राम ती वापरतात. यात जागा आणि मेमरी वाचते, पण खरा फायदा दिसला एप्रिल २०१४ मध्ये. ओपनएसएसएल या सुरक्षेच्या लायब्ररीत ‘हार्टब्लीड’ नावाचं भोक सापडलं. त्यातून सर्व्हरच्या मेमरीतला मजकूर बाहेरच्या माणसाला वाचता येत होता, अगदी पासवर्डसुद्धा. जिथे लायब्ररी सामायिक होती, तिथे एक पॅकेज (इन्स्टॉल करायला बांधून दिलेला गठ्ठा) अपडेट केलं, सेवा पुन्हा चालू केल्या आणि ते भोक बुजलं. प्रत्येक प्रोग्रामने आपली वेगळी प्रत पोटात बाळगली असती, तर एकेकाचं पोट उघडून बघत बसावं लागलं असतं.

सामायिक गोष्टीची अडचण अशी की ती बदलली की सगळ्यांचंच बदलतं. कोल्हापूरच्या वाचकाला हे पटवायला उद्यमनगरातला बोल्ट पुरेसा आहे. चार सुती, म्हणजे अर्धा इंची बोल्ट दोन जातींचा मिळतो. जुन्या ब्रिटिश व्हिटवर्थ मापात इंचाला १२ आटे, अमेरिकन यूएनसी मापात १३. दोन्ही बोल्ट हातात घेतले तर डोळ्यांना फरक कळत नाही. एकाच्या नटात दुसरा लावला की सुरुवातीला हाताने छान फिरतो, मग अडतो. तिथे पाना लावून जोर केला की आटे गेलेच म्हणून समजा. लायब्ररीचं असंच असतं. नाव तेच, फंक्शनची नावंही बरीचशी तीच. पण माहिती मेमरीत कुठल्या क्रमाने मांडायची, फंक्शनला काय काय द्यायचं, हे आतले ‘आटे’ मोठ्या आवृत्तीत बदलतात. जुन्या आट्यांवर बेतलेला प्रोग्राम नव्या लायब्ररीवर बळेच चालवला तर कधी लगेच कोसळतो. कधी चालत राहतो आणि चुकीचा आकडा देतो. मोजमापाच्या प्रोग्रामच्या बाबतीत हे दुसरं जास्त घातक.

लिबएसएसएल म्हणजे याच ओपनएसएसएलचं पॅकेज. ओपनएसएसएलची ३.० आवृत्ती सप्टेंबर २०२१ मध्ये आली (१.१.१ नंतर थेट ३.०, मधला २ गाळूनच टाकला). उबुंटू २०.०४ मध्ये जुनी १.१ होती, २२.०४ मध्ये फक्त नवी ३. शिरोलीच्या प्रोग्रामला १.१ चे आटे हवे होते आणि नव्या घरात ते ठेवलेलेच नव्हते.

हे कॉम्प्युटरला चढवण्याआधीच कसं कळलं? प्रत्येक पॅकेजसोबत एक छोटी माहितीची चिठ्ठी असते. मला काय लागतं, किमान कुठली आवृत्ती लागते, कुणाशी माझं जमत नाही, कुणाच्या जागी मी चालतो, हे तिच्यात लिहिलेलं असतं. १९९३ मध्ये इयान मर्डॉक यांनी डेबियन हे लिनक्स सुरू केलं, तिथे ही पद्धत रुजली. उबुंटू त्याच झाडाची फांदी. चिठ्ठ्या वाचून लागेल ते सगळं आपोआप ओढून आणणारं एपीटी हे साधन १९९९ च्या डेबियन २.१ सोबत लोकांच्या हाती आलं. त्याआधी एक पॅकेज टाकायचं, ते दुसरं मागायचं, दुसरं तिसरं मागायचं, आणि माणूस हेलपाटे घालत बसायचा. विंडोजवाल्यांनीही त्या काळात डीएलएल (विंडोजच्या लायब्ररी) फाइलींच्या भांडणात असाच घाम गाळला आहे.

चिठ्ठीतल्या आवृत्त्यांची तुलनाही सरळ नसते. १.१० ही १.९ पेक्षा नवी, कारण टिंबानंतरचे आकडे दशांश नसून वेगवेगळे वाचले जातात. डेबियनमध्ये ~ हे चिन्ह तर ‘रिकाम्याच्याही आधी’ धरलं जातं, म्हणून १.०~आरसी१ ही चाचणी आवृत्ती खऱ्या १.० च्या खाली बसते. बारीक नियम आहेत, पण त्यांच्यावरच चढायचं की नाही ते ठरतं.

आता ते कोडं. एखाद्या पॅकेजला मेल पाठवणारा कुठलाही प्रोग्राम चालतो, एक्झिम असो वा पोस्टफिक्स. पण हे दोघे एकमेकांसोबत नांदत नाहीत. दोघांच्याही चिठ्ठीत तसं लिहिलेलं असतं. तुम्ही एक्झिम मागितला की पोस्टफिक्स जाणार. पोस्टफिक्स गेला की त्याच्यावर टेकलेली पॅकेजेस जाणार, किंवा त्यांच्यासाठी दुसरा टेकू शोधावा लागणार, आणि त्या टेकूच्या पुन्हा आपल्या अटी. प्रत्येक पॅकेजसमोर दोनच उत्तरं असतात: ठेवायचं की नाही. ३० पॅकेजेस म्हटली तरी हो-नाहीच्या जोड्या १०७ कोटींवर जातात. डेबियनच्या भांडारात (जिथून पॅकेजेस उतरवली जातात) ६० हजारांहून जास्त पॅकेजेस आहेत.

सगळ्या अटी एकाच वेळी पाळणारी हो-नाहीची यादी आहे का, हा तर्कशास्त्रातला ‘सॅट’ प्रश्न. स्टीफन कुक यांनी १९७१ मध्ये दाखवलं की गणनशास्त्रातल्या कठीण प्रश्नांचा एक अख्खा वर्ग या एका प्रश्नात उतरवता येतो. सॅटचं दरवेळी झटपट उत्तर देणारी रीत सापडली, तर त्या सगळ्यांची सापडली. आजवर सापडलेली नाही. २००६ च्या सुमारास युरोपातल्या इडॉस प्रकल्पाच्या संशोधकांनी सिद्ध केलं की ‘हे पॅकेज चढेल का?’ हा प्रश्नही त्याच जातीचा, तेवढाच कठीण आहे. शिरोलीच्या ऑपरेटरने एंटर दाबला तेव्हा त्याच्या नकळत तो हाच प्रश्न विचारत होता.

मग उत्तर दोन सेकंदांत कसं येतं? कारण प्रत्यक्षातल्या चिठ्ठ्या गणितज्ञाने मुद्दाम रचलेल्या कोड्याइतक्या दुष्ट नसतात. बहुतेक ठिकाणी एकच पर्याय उरतो, तो घेतला की पुढचा आपोआप ठरतो. अडलं तर शेवटचा निर्णय मागे घ्यायचा आणि दुसरी वाट धरायची. ही मूळ रीत १९६२ मधली, म्हणजे आपलं शिवाजी विद्यापीठ सुरू झालं त्याच सालची. ओपनसुसे या दुसऱ्या लिनक्सने २००८ च्या ११.० आवृत्तीत असा सॅट-सॉल्व्हर (सॅट सोडवणारा प्रोग्राम) वापरायला सुरुवात केली. फेडोरा या लिनक्सचं एपीटीसारखं साधन, डीएनएफ, तेही त्याच घराण्यातलं. एपीटी मात्र बरीच वर्षं गुण देऊन अंदाजाने वाट निवडत राहिलं. त्यामुळे वाट असूनही कधीकधी ते हात वर करायचं, आणि तिथे अॅप्टिट्यूड हे भावंड चार वेगळे पर्याय काढून दाखवायचं. एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या एपीटी ३.० मध्ये नवा सॉल्व्हर आहे. माझ्या मते हे फार आधी व्हायला हवं होतं.

एपीटीचा एक संदेश तर लोकांना हमखास चकवतो. ‘तुम्ही तुटलेली पॅकेजेस रोखून धरली आहेत,’ असा त्याचा अर्थ. वाचणारा बिचारा आपण काय रोखलंय ते शोधत बसतो. बहुतेक वेळा त्याने काहीच रोखलेलं नसतं. मला वाट सापडली नाही, एवढंच एपीटीला म्हणायचं असतं. खरी खबर त्याच्या वरच्या ओळींत असते. शोधायची ती ओळ अशी: अमुक पॅकेजला लिबसी६ किमान २.३८ हवं, पण २.३५ बसणार आहे. एवढ्यावरून निदान होतं. २२.०४ मध्ये लिबसी २.३५ आहे आणि २४.०४ मध्ये २.३९, म्हणजे तुम्ही नव्या उबुंटूसाठी बांधलेली डेब फाइल (डेबियन-उबुंटूच्या पॅकेजची फाइल) जुन्या उबुंटूवर आणली आहे. लिबसी ही जवळपास सगळ्या प्रोग्रामच्या पायाखालची लायब्ररी. जुना प्रोग्राम नव्या लिबसीवर चालतो, उलटं चालत नाही. अशा वेळी लिबसी हाताने बदलायला जाऊ नये. त्याच २२.०४ साठी बांधलेली फाइल शोधावी.

पुढची पायरी ‘एपीटी पॉलिसी’ आणि त्यापुढे पॅकेजचं नाव. कुठली आवृत्ती कुठल्या भांडारातून येते आहे, ते ही आज्ञा दाखवते. मी पाहिलेल्या बहुतेक भांडणांचं मूळ इथेच सापडलं: कधीतरी कुठल्यातरी व्हिडिओत बघून जोडलेलं परकं भांडार. डेबियन किंवा उबुंटूचं मूळ भांडार एकत्र तपासून बांधलेलं असतं. त्यातली पॅकेजेस आपसांत जुळतील याची काळजी आधीच घेतलेली असते. बाहेरच्या भांडाराने एखादी लायब्ररी पुढे नेली की ती घडी मोडते. उबुंटूत ‘पीपीए-पर्ज’ नावाचं साधन अशी आगंतुक पॅकेजेस काढून मूळ आवृत्त्या परत बसवतं. काही करण्याआधी ‘-एस’ लावून रंगीत तालीम घ्यावी. काय येणार, काय जाणार हे नुसतं छापलं जातं, काही बदलत नाही.

जाणाऱ्यांची यादी तर वाचायलाच हवी. नोव्हेंबर २०२१ मध्ये लायनस सेबास्टियन या प्रसिद्ध यूट्यूबरने पॉप ओएस या लिनक्सवर गेम खेळण्यासाठी स्टीम हे अॅप चढवायला घेतलं. ते तेव्हा ज्या पॅकेजांवर अडत होतं त्यांचा मेळ बसत नव्हता, आणि सॉल्व्हरला सापडलेली वाट होती डेस्कटॉपच काढून टाकण्याची. यंत्रणेने भली मोठी यादी दाखवून बजावलं की हे धोक्याचं आहे, तरीही करायचं असेल तर ‘होय, मी सांगतो तसं कर’ हे वाक्य टाइप करा. त्याने केलं. पडद्यावर काळी पाटी उरली. तर्काच्या दृष्टीने सॉल्व्हरचं काहीच चुकलं नव्हतं; अटी पाळणारं एक उत्तर त्याने दिलं होतं. माणसाला डेस्कटॉप हवा असतो, ही अट कुणी पुरेशी ठामपणे लिहिली नव्हती. नंतर एपीटीने ही वाक्य टाइप करण्याची पळवाटच बंद केली.

शिरोलीच्या प्रकरणात आधी प्रोग्राम देणाऱ्यांकडे नवी आवृत्ती विचारली. नव्हती. दुसरा उपाय सोपा दिसतो: २०.०४ च्या भांडारातून लिबएसएसएल १.१ उचलून आणायचं. गंमत म्हणजे ते ३ सोबत सुखाने नांदतं, कारण आटे बदलले की पॅकेजचं नावही बदलायचं, अशी डेबियनची शिस्त आहे. दोन्ही लायब्ऱ्या शेजारी शेजारी राहू शकतात. पण ओपनएसएसएल १.१.१ चा मोफत आधार सप्टेंबर २०२३ मध्ये संपला. उद्या त्यात हार्टब्लीडसारखं भोक निघालं तर ते बुजवणारं अपडेट या कॉम्प्युटरवर आपोआप येणार नाही, आणि हा कॉम्प्युटर ऑफिसच्या नेटवर्कवर आहे. म्हणून २०.०४ चा कंटेनर (मुख्य सिस्टीमच्या आतली वेगळी बंद खोली) उभा केला, जुना प्रोग्राम त्याच्या जुन्या लायब्ऱ्यांसकट त्यात ठेवला, यंत्राचा यूएसबी पोर्ट तेवढा आत जोडला आणि कंटेनरचं नेटवर्क तोडलं. मुख्य सिस्टीमला हात लागला नाही. कंटेनरमधली लायब्ररी जुनी ती जुनीच राहिली, पण तिच्यापर्यंत बाहेरून पोचायला आता रस्ता नाही.

इंजिनिअरिंगच्या पोरांचं दुखणं जरा वेगळं: पायथॉन. पिपने, म्हणजे पायथॉन भाषेची पॅकेजेस आणणाऱ्या साधनाने, सिस्टीमच्याच पायथॉनमध्ये पॅकेजेस ओतायची, आणि मग उबुंटूची स्वतःची साधनं मोडायची. डेबियन १२ पासून पिप तिथे सरळ नकार देतं. त्यावर ‘ब्रेक सिस्टीम पॅकेजेस’ असं नाव असलेला पर्याय लावून पुढे जाणारे आहेत. नावातच सांगितलंय, अजून काय सांगायचं राव? प्रत्येक प्रोजेक्टला वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्याच्यापुरता पॅकेजेसचा वेगळा कप्पा) केलं की ही कटकट संपते.

प्रत्येकाला आपापलं घर देण्याची हीच कल्पना फ्लॅटपॅक आणि स्नॅप या पॅकेज-पद्धतींमध्ये आहे. सर्वांत नेटकी ती निक्समध्ये, एल्को डोल्स्ट्रा यांच्या २००६ च्या युट्रेख्ट विद्यापीठातल्या प्रबंधातून पुढे आलेल्या व्यवस्थेत. तिथे प्रत्येक पॅकेज स्वतःच्या वेगळ्या फोल्डरमध्ये राहतं आणि फोल्डरच्या नावात ते कशाकशापासून बांधलं त्याचा ठसा असतो. एकाच लायब्ररीच्या दहा आवृत्त्या असल्या तरी भांडण नाही. डिस्क मात्र भराभर खाते, आणि शिकायला निक्स जड आहे.

२४.०४ वर गेलेल्यांना सध्या एक नवाच नकार भेटतो. १९ जानेवारी २०३८ नंतर ३२-बिट घड्याळात सेकंदांचा आकडा मावणार नाही. म्हणून डेबियन आणि उबुंटूने २०२४ मध्ये वेळेचे आटे बदलले आणि शिस्तीप्रमाणे शेकडो लायब्ऱ्यांच्या नावांपुढे ‘टी६४’ जोडलं. ६४-बिट कॉम्प्युटरवर आत काहीच बदललेलं नाही, फक्त पाटी नवी. तरीही जुन्या सूचनांप्रमाणे आवाजाची ‘लिबअसाउंड२’ मागितली की एपीटी म्हणतं, हे नुसतं नाव आहे, ते पुरवणारी दोन पॅकेजेस आहेत, त्यातलं एक तुम्हीच निवडा. तिथे ‘लिबअसाउंड२टी६४’ असं पूर्ण नाव टाइप करायचं, दुसऱ्याच्या वाटेला जायचं नाही.