आपत्कालीन साहित्य : सातारा–सांगली परिसर

आपत्कालीन साहित्य म्हणजे पूर, दरड, भूकंप किंवा डोंगरातला अपघात अशा प्रसंगी बाहेरची मदत येईपर्यंत घराला तग धरता यावा म्हणून आधीच जमवून ठेवलेल्या वस्तू. उजेड, पाणी, निवारा, दोर, पायताण, धारेचे हत्यार, औषधे, कागदपत्रे आणि संपर्काची साधने एवढ्यात हा संच आटोपतो. बाजारात तो तयार ‘किट’ म्हणूनही मिळतो. पण कृष्णा, कोयना आणि वारणेच्या खोऱ्यात एकच किट सगळीकडे चालत नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण-खटावला पाचशे मिलिमीटरच्या आसपास. म्हणून आपल्या गावावर कोणते संकट येते हे आधी पाहावे आणि मग खरेदीला निघावे.

संकटाचे स्वरूप

सांगलीचा पूर सांगून येतो. कोयना धरणातून किती विसर्ग सुरू आहे आणि शहरातल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती फुटांवर आहे, हे दोन आकडे पावसाळ्यात घरोघरी तोंडपाठ असतात. 40 फूट ही इशारा पातळी, 45 फूट धोक्याची. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेले. त्या पुरात आणि पुन्हा जुलै 2021 मध्ये सखल वस्त्यांतली घरे पाण्याखाली गेली. इथे हातात काही तास तरी असतात, पण पाणी ओसरायला अनेक दिवस लागतात. त्यामुळे उचलून नेता येईल असे सामान, कोरडी राहणारी कागदपत्रे आणि साठवलेले पाणी यांना पहिला मान द्यावा.

पाटण, जावळी, वाई आणि महाबळेश्वर या डोंगरी तालुक्यांत असा अवधी मिळत नाही. जुलै 2021 मध्ये पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळल्या. रस्ते खचल्याने मदत पोहोचवणेही अवघड झाले. कोयनानगरचा भूकंप 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे, लोक झोपेत असताना झाला, आणि त्या पट्ट्यात लहान धक्के आजही बसतात. अशा ठिकाणी आतल्या खोलीतल्या पेटीत बंद केलेले साहित्य निरुपयोगी ठरते. पडलेल्या कौलांतून आणि काचांतून अनवाणी बाहेर पडता येत नाही, म्हणून टॉर्च, शिट्टी आणि जाड तळव्याचे बूट उशापाशीच हवेत. जत आणि आटपाडी या तालुक्यांत मुख्य प्रश्न पाण्याच्या साठवणीचाच आहे.

टिकाऊपणाची कसोटी

रोजच्या वापरातली वस्तू झिजून जाते, आणि आपत्कालीन वस्तू बहुधा न वापरताच खराब होते. जून ते सप्टेंबरची दमट हवा, माळ्यावरची उन्हाळ्यातली उष्णता, उंदीर आणि बुरशी हे तिचे खरे शत्रू. त्यामुळे निवड करताना तीन गोष्टी पाहाव्यात : ती ठेवून ठेवून बिघडते का, बिघाड डोळ्यांना दिसतो का आणि तो गावात दुरुस्त होतो का. पत्र्याचे काम, शिवण, चामडे, लोखंड आणि ट्यूब-पंक्चर यांची माणसे इथे गावोगाव आहेत. चेन तुटलेली सॅक चांभाराकडे तासाभरात नीट होते. साच्यातून काढलेले प्लॅस्टिकचे बक्कल मात्र तुटले की तुटलेच. महागडे परदेशी सामान वाईट नसते, पण त्याचा एक सुटा भाग मिळण्यासाठी आठवडा थांबावे लागत असेल, तर पुराच्या दिवसांत ते बाद धरावे.

न वापरताच बिघडण्याचा ठळक दाखला म्हणजे बूट. ट्रेकिंगच्या अनेक बुटांत बुटाचा वरचा भाग आणि खालचा तळवा यांच्यामध्ये पॉलियुरेथेनचा मऊ थर असतो. हवेतल्या दमटपणाने हा थर आतून कुजतो. खोक्यात पाच-सात वर्षे नवेकोरे राहिलेले बूट घालून वासोटा किल्ल्याच्या वाटेला लागावे आणि तासाभरात तळवा चुऱ्यासारखा गळून पडावा, हा प्रकार ट्रेकर मंडळींना परिचयाचा आहे. बुटाच्या बाजूचा थर अंगठ्याने जोरात दाबून पाहावा. बारीक भेगा दिसल्या किंवा भुकटी निघाली, तर तो जोड टाकून द्यावा. सबंध रबरी तळ शिवून बसवलेले बूट जड असतात, पण आपत्तीसाठी तेच बरे. पुराच्या पाण्यासाठी गमबूट वेगळे हवेत. ते फक्त उथळ पाण्यात आणि ओसरल्यानंतरच्या चिखलात घालायचे, कारण गुडघ्यावर पाणी चढले की ते आतून भरतात आणि पाय उचलू देत नाहीत. ओसरलेल्या चिखलात काचा, खिळे आणि साप असतात. घोणस व मण्यार पाण्याबरोबर घरात येतात, तेव्हा घोट्याच्या वर झाकणारे पायताण घालूनच आत पाऊल टाकावे.

निवारा आणि ऊब

या भागातल्या शेतकऱ्याला ताडपत्रीची पारख शिकवावी लागत नाही. तासगावच्या बेदाण्यापासून कराडच्या सोयाबीनपर्यंत सगळे काही तिच्याखाली झाकले जाते. स्वस्त विणीच्या निळ्या-पिवळ्या ताडपत्रीचे धागे उन्हात एक-दोन हंगामांत तुटू लागतात. अनेक थरांची, उन्हाला तोंड देणारी सिलपोलिन महाग पडते, पण वर्षानुवर्षे टिकते. जाडी जीएसएममध्ये, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम वजन यावर, सांगतात. घरावर टाकायला दोनशेच्या आसपासची घ्यावी, पाठीवर न्यायची असेल तर त्याहून हलकी चालते. विकत घेताना ती उजेडासमोर धरून सुईएवढी भोके शोधावीत. कोपरा घडी घालून नखाने दाबला आणि तिथे पांढरी रेघ उठून चीर पडू लागली, तर माल जुना आहे. कडेला दोरी दुमडून शिवलेली असावी. कडेची रिंग नुसत्या पातळ कापडात ठोकलेली असेल, तर पहिल्याच वादळात ती उपटून येते. रिंग फाटली तरी काम अडत नाही : कोपऱ्यात गुळगुळीत गोटा गुंडाळून त्याच्या मानेला दोरी आवळली की पकड पक्की बसते.

तंबू आणि सॅक यांच्या आतून जलरोधक लेप दिलेला असतो. ओलसर घडी करून ठेवल्यास तोही चिकट होऊन सुटतो, म्हणून ते पूर्ण वाळवून सैलसर ठेवावेत. ऊब टिकवण्यासाठी घोंगडीला आजही तोड नाही. दख्खनी मेंढीची लोकर भिजली तरी थोडीबहुत ऊब धरते. सुती गोधडी आणि चादर भिजली की अंगातली उष्णता ओढून घेते. घोंगडीला कसर लागते, तेवढे पाहावे आणि घडीत कडुलिंबाचा पाला ठेवावा. तिची खोळ करून डोक्यावर घेतली की पावसात हात मोकळे राहतात.

दोर

कासरा, सोल आणि चऱ्हाट घरात असतात, म्हणून दोर आहेच असे समजले जाते. पण जनावर बांधायचा दोर आणि माणूस उतरवायचा दोर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. नायलॉन ताणला जातो, झटका सोसतो आणि भिजल्यावर थोडा कमजोर होतो. पॉलिप्रॉपिलीनचा दोर पाण्यावर तरंगतो, म्हणून पुरात अडकलेल्याकडे फेकायला तो चांगला. मात्र उन्हात तो लवकर ठिसूळ होतो. कड्यावरून माणूस खाली-वर करायचा असेल, तर आतला गाभा व बाहेरची विणलेली साल अशा रचनेचा, प्रमाणित, 10-11 मिलिमीटर जाडीचा, कमी ताणला जाणारा दोरच वापरावा, आणि तोही प्रशिक्षण घेतलेल्यानेच. जुलै 2018 मध्ये आंबेनळी घाटात बस कोसळली, तेव्हा दरीत उतरलेल्या स्थानिक गिर्यारोहकांनी असे दोर आणि ते वापरण्याचा सराव किती मोलाचा असतो हे दाखवून दिले.

पिळाचा दोर तपासताना दोन्ही हातांनी पीळ उकलून आत पाहावे. आत भुकटी किंवा तुटलेले तंतू दिसले तर तो फक्त गवताचे भारे बांधायला ठेवावा. गाठीमुळे दोराचे बळ तिसऱ्या हिश्श्याने, कधी निम्म्यानेही घटते. दोर फवारणी पंपाच्या बॅटरीशेजारी कधीही ठेवू नये, कारण ॲसिडची वाफ लागलेला दोर बाहेरून धड दिसतो आणि वजन पडताच तुटतो.

पाण्यावर तरंगणे

पाठीला पत्र्याचा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून नदीत पोहायला शिकण्याची रीत कृष्णाकाठी जुनी आहे. गुऱ्हाळातली रस आटवायची मोठी काहील आणि ट्रॅक्टरची ट्यूब पुरात अनेकांच्या कामी आली आहे. दुसरे काहीच नसेल तेव्हा हे ठीक, पण काहील एका बाजूला कलली की पाणी घेते आणि ट्यूबला खिळा लागायचा अवकाश असतो. लाइफ जॅकेटला हे पर्याय नव्हेत.

जॅकेटवर तरण शक्ती न्यूटनमध्ये लिहिलेली असते. 50 न्यूटनचे जॅकेट पोहता येणाऱ्याला आधार देते. 100 न्यूटन व त्यावरची जॅकेटे शुद्ध हरपलेल्या माणसाचे तोंड पाण्याबाहेर राहील अशी बेतलेली असतात. पोहता न येणारे, म्हातारी माणसे आणि मुले यांना दुसरीच द्यावीत. जॅकेट घालून पट्टे आवळल्यावर खांद्यांना धरून वर ओढावे : ते कानांपर्यंत सरकले तर माप चुकले. मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. बोटीत जॅकेटवर बसण्याची सवय घातक आहे, कारण आतला फोम दबला की त्याची उचल कमी होते. 8 ऑगस्ट 2019 रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना बाहेर काढताना क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसलेली बोट उलटली आणि अनेकांचा जीव गेला. नदीकाठच्या प्रत्येक गावाने बोट घेताना आसनांएवढी जॅकेटे त्याच दिवशी, त्याच खरेदीत घ्यावीत.

उजेड, संपर्क, पाणी

टॉर्च पाहताना आयपी क्रमांक, म्हणजे धूळ-पाण्यापासून किती बचाव होतो याचा आकडा, वाचावा. आयपीएक्स4 म्हणजे शिंतोड्यांपुरती सोय. आयपी67 असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास निभावतो. कपाळावर बांधायची टॉर्च सर्वांत उपयोगी, कारण दोन्ही हात मोकळे राहतात. पेटीत ठेवलेल्या टॉर्चमध्ये सेल घालून ठेवू नयेत : ते फुटून गळले की पट्ट्या गंजतात. आतच चार्ज होणारी टॉर्च आणि पॉवर बँक अर्ध्याहून थोड्या जास्त चार्जवर ठेवून दर तीन महिन्यांनी पाहावी. मोबाइल टॉवर बंद पडले तर सेलवर चालणारा छोटा रेडिओ बातमी देतो. 112, 108 आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हे क्रमांक कागदावर लिहून संचातच ठेवावेत.

पिण्याचे पाणी माणशी रोज तीन लिटर धरले, तर चौघांच्या घराला तीन दिवसांसाठी वीस लिटरचे दोन कॅन पुरतात. पुराचे पाणी गाळून पिण्याची वेळ येऊच देऊ नये. उसाच्या शेतातली तणनाशके, डिझेल आणि संडासाचे पाणी त्यात मिसळलेले असते. पोकळ तंतूंचा ट्रेकिंग फिल्टर जिवाणू अडवतो, पण रसायने अडवत नाही. विहिरीचे किंवा टँकरचे पाणी चौपदरी सुती कापडातून गाळून खळखळून उकळावे किंवा मेडिक्लोर (पाणी निर्जंतुक करणारे क्लोरीनचे औषध) त्यावर लिहिलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे. निळे बॅरल घेताना त्यात आधी काय होते हे विचारावे. रसायनाचे असेल तर ते कितीही धुतले तरी पिण्याच्या पाण्याला वापरू नये.

हत्यार, कागदपत्रे, सिलिंडर

कोयता लोहाराकडून गाडीच्या पाट्याच्या पोलादाचा करून घ्यावा. तो गंजतो, पण धार सहज लावता येते. तेलाचे बोट फिरवून फडक्यात गुंडाळला की काम झाले. सातबारा, आधार, पासबुक आणि विमा यांच्या प्रती तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या जलरोधक पिशवीत ठेवाव्यात. साध्या प्लॅस्टिक पिशवीची घडी उलगडते.

घर सोडताना गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर काढून, टोपी लावून तो खिडकीच्या गजाला किंवा खांबाला बांधावा. घरगुती सिलिंडर भरलेला असला तरी तरंगतो : गॅससह त्याचे वजन तीस किलोच्या आसपास असते आणि तो बाजूला सारतो ते पाणी त्याहून जड असते. मोकळा सुटलेला सिलिंडर प्रवाहात दारे-भिंतींवर आदळतो.

वार्षिक तपासणी

मे महिन्याचा शेवटचा आठवडा या कामाला सोयीचा असतो. छपराची डागडुजी आणि पेरणीची तयारी सुरू असतेच, त्यात संच उन्हात पसरून पाहता येतो. औषधांच्या तारखा, सेल, बुटांचे तळवे आणि ताडपत्रीच्या रिंगा एकेक हातात घेऊन पाहाव्यात. ज्या गावाकडे इंजिनाची बोट आहे, तिथे इंजिन प्रत्यक्ष पाण्यात चालवून पाहावे. गेल्या पावसाळ्यापासून टाकीत राहिलेले पेट्रोल घट्ट होऊन कार्बोरेटर तुंबवते. ते काढून ताजे भरावे, स्पार्क प्लग साफ करावा, जादा दोरी आणि वल्ह्यांची जोडी बोटीतच बांधून ठेवावी, आणि बोट चालवू शकणारी किमान दोन माणसे पावसाळाभर गावात राहतील असे ठरवून घ्यावे.