जुन्या ट्रकची केबिन आतून नवी करताय? मग जुनं छत फेकू नका

नमस्कार. जुन्या ट्रकच्या केबिनचं आतलं छत (म्हणजे टपाच्या पत्र्याखाली बसवायचं रेक्झिनचं अस्तर), दारांचे पॅड, पायाजवळचे साइड पॅनल आणि दाराच्या चौकटीभोवतीची बीडिंग, म्हणजे कड झाकणारी पट्टी, आम्ही बनवून देतो. फोनवर पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो की किती पैसे आणि किती दिवस. त्यावर आम्ही उलट विचारतो, जुनं छत आहे का ठेवलेलं? आणि इथेच बऱ्याच जणांचं काम अडतं, कारण ट्रक पेंटिंगला गेलेला असतो, पेंटरने केबिन मोकळी करून घेतलेली असते आणि कुजका पुठ्ठा, फाटकं रेक्झिन, छत धरून ठेवणाऱ्या गंजलेल्या पट्ट्या, स्क्रू सगळं भंगारात गेलेलं असतं. पेंटरचा दोष नाही, त्याला तो कचराच वाटणार. तुम्ही त्याला सांगायला हवं होतं.

मग लोक म्हणतात मॉडेल आणि साल सांगतो, त्यावरून बनवा. कारचं असतं तर बनवलं असतं. ट्रकचं तसं होत नाही, कारण आपल्याकडे कितीतरी ट्रक नुसती चॅसिस (खालचा सांगाडा) आणि पुढचं नाक, म्हणजे बोनेटचा भाग, म्हणून विकले गेले आणि केबिन बॉडी बिल्डरने लाकूड आणि पत्रा वापरून आपल्या हाताने बांधली. १९५४ ला जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज यायला लागल्या, कुर्ल्याला प्रीमियरच्या डॉज आणि फार्गो होत्या, पण दोन गाड्या एकाच वर्षाच्या असल्या तरी एकीची केबिन एका गावातल्या सुताराने बांधलेली आणि दुसरीची दुसऱ्या, त्यामुळे छताची गोलाई, मागच्या काचेची उंची, लाकडी आडव्यांमधलं अंतर काहीच जुळत नाही. कंपनीची पूर्ण लोखंडी केबिन असली, म्हणजे समजा १९४७ ते १९५५ मधली शेवरलेट, तरी इतक्या वर्षांत तिचं डेंटिंग झालंय, टपाला कुठे पॅच मारलाय, कुणी मागची काच मोठी केलीय. शिंप्याकडे जाताना अंगाला नीट बसणारा जुना शर्ट मापाला नेतो ना, तसं आमच्यासाठी ते जुनं छत आहे, कितीही फाटकं असू द्या.

काही जण अमेरिकेतून तयार किट मागवतात. किट वाईट नसतात, छताचा मधला तुकडा बऱ्याचदा बसतोही. पण तिकडचं स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे पायाजवळच्या पॅनलची भोकं आणि कट भलत्याच बाजूला येतात. आणि केबिन इथे बांधलेली असेल तर किट बसणारच नाही. कस्टम ड्युटी भरून मागवलेलं किट कापून बसवायला आमच्याकडे आणू नका असं मी म्हणत नाही, आणा, पण त्याआधी एकदा विचारा, पैसे वाचतील.

जुन्या तुकड्यावरून नुसतं माप मिळत नाही, बाकीही खूप कळतं. गंजाचे गोल डाग जिथे आहेत तिथे मूळ स्क्रू होते. कडेला रबराचा ठसा उमटलाय म्हणजे मागच्या काचेचं रबर छताच्या कडेवर बसत होतं, म्हणजे तुमच्या गाडीत छत आधी आणि काच नंतर, हा क्रम उलटा झाला तर बसवलेली काच परत काढायला लागते आणि जुनी काच काढताना तडकली तर तशी मिळवायला महिने जातात. पाण्याचे पिवळे डाग दिसले तर त्याच्या बरोबर वर टप गळतोय. आणि मूळ रंग बघायचा असेल तर पट्टीखाली दबलेली कड बघा, तिथे ऊन आणि धूर पोचलेला नसतो, मधला भाग मातकट झाला तरी कडेला खरा रंग सापडतो. रंग मॅच करायला आम्ही तेवढीच पट्टी मागतो.

काढताना म्हणून घाई करू नका. आधी मोबाइलवर चारही कोपऱ्यांचे फोटो काढा, मग प्रत्येक तुकड्याच्या मागे मार्करने पुढची बाजू कुठली आणि ड्रायव्हर साइड कुठली ते लिहा. पट्ट्या वाकल्या तरी चालतील, हरवल्या तर चालणार नाहीत. चुका, म्हणजे बारीक खिळे, उपटून टाकल्या तरी हरकत नाही, त्या नव्या लागतात. पण स्क्रू आणि कप वॉशर (स्क्रूच्या डोक्याखालच्या वाटीसारख्या चकत्या) एका डबीत ठेवा. पुठ्ठ्याचा भुगा होत असेल तर मागून मास्किंग टेप लावून आहे तसा मोठ्या कागदावर ठेवा आणि कडेने पेन्सिल फिरवा.

आता बसवण्याबद्दल, कारण बरेच जण बाहेरगावचे असतात आणि आमच्याकडून तुकडे मागवून स्वतः किंवा जवळच्या कारागिराकडून बसवतात. छताच्या आधी टपाखालचं सगळं काम संपवा. दिव्याची वायर ओढून घ्या, गंज काढा, पन्हाळीच्या जोडात सीलर भरा, आणि टपावर पाइपाने चांगलं अर्धा तास पाणी सोडून आत हात फिरवून बघा. ही टेस्ट टाळू नका हो, हार्डबोर्ड एकदा ओला होऊन फुगला की परत सरळ होत नाही. आम्ही तुकड्यांची मागची बाजू वॉर्निश मारून सील करून देतो, कोकणातल्या गाडीला दोन हात मारतो, पण ते दमट हवेसाठी आहे, गळतीसाठी नाही.

तुकडा आधी मागच्या बाजूने खोचा, मग मधे तळहाताने वर दाबत पुढे या आणि शेवटी पुढची कड पट्टीखाली घ्या. एकट्याने करू नका, दुसरा माणूस मधे धरायला लागतोच. सगळे स्क्रू आधी ढिले ठेवायचे, मधून बाहेर असे थोडे थोडे आवळायचे, आणि दाराभोवतीची बीडिंग सगळ्यात शेवटी. आम्ही कडेला मुद्दाम जास्तीचं रेक्झिन सोडतो, ते बघून लोकांना वाटतं माप चुकलं आणि ते कात्री घेऊन आधीच छाटून टाकतात. सगळे स्क्रू आवळून झाल्याशिवाय कात्री लावू नका. रेक्झिन घडीमुळे चुरगळलेलं वाटलं तर उन्हात थोडा वेळ पसरून ठेवा, मऊ पडतं.

फोमवालं कापड का लावत नाही हेही विचारतात, कारण नव्या कारमध्ये ते छान दिसतं. दिसतं छान, पण उष्णता आणि दमटपणाने तो पातळ फोम काही वर्षांत भुगा होतो आणि कापड सुटून डोक्यावर लोंबायला लागतं, नव्या गाड्यांचीसुद्धा हीच तक्रार असते. ट्रकचा टप नुसता पत्र्याचा, उन्हाळ्यात हात लावता येत नाही इतका तापतो. म्हणून आम्ही बिनफोमचं रेक्झिन वापरतो, सोल्युशन, म्हणजे चिकटवायचा गोंद, दोन्ही बाजूंना लावून, हाताला चिकटेनासं झाल्यावरच जोडतो, आणि कड मागे वळवून शिवाय पिना मारतो. साध्या सीट कव्हरच्या दुकानापेक्षा आमचा रेट जास्त का, तर यात वेळ जातो म्हणून. फोमच हवा असेल तर लावून देऊ, पण त्याची गॅरंटी देत नाही.

दारांच्या पॅडबद्दल एक प्रामाणिकपणे सांगतो. जुन्या बऱ्याच ट्रकांच्या दारांना पॅड नव्हतेच, आतून रंगवलेला पत्रा होता. तुमच्या दारावर क्लिपची किंवा स्क्रूची जुनी भोकं नसतील आणि गाडी मूळ रूपात ठेवायची असेल तर नवी भोकं पाडून पॅड लावू नका, ते पैसे छतावर घाला.

जुनं छत गेलंच असेल तर काम होत नाही असं नाही. ट्रक वर्कशॉपला आणावा लागतो, आम्ही आत बसून जाड कागदाचा फर्मा, म्हणजे मापाचा नमुना, कापतो, लावून बघतो, परत कापतो, त्यात गाडी अडकून पडते आणि फर्म्याचे पैसे वेगळे लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर टेपने घेतलेली मापं पाठवू नका, टेप सरळ असतो आणि टप गोल, त्यावरून आम्ही बनवत नाही. फर्मा मात्र तुमच्या गाडीच्या नंबरने आमच्याकडे जपून ठेवतो, पुढे कधी छत खराब झालं तर नुसता फोन करा, नवीन तुकडे घरी येतील.

पार्सल करताना जुने तुकडे गुंडाळू किंवा दुमडू नका, दोन प्लायच्या मधे सपाट ठेवून बांधा, पट्ट्या वेगळ्या गुंडाळा, स्क्रूची डबी आत टाका आणि रबराचा ठसा असलेली कड कुठली ते चिठ्ठीवर लिहा. पावसाळ्यात पाठवणार असाल तर वरून प्लॅस्टिक घाला. आणि ट्रक अजून पेंटरकडे जायचा असेल तर आजच त्याला फोन करून सांगा की आतलं काहीही टाकू नकोस.