कॉमन लॉमधली लॅटिन: रोमकडून थोडी, कारकुनांकडून फार

इंग्लंडच्या जुन्या न्यायव्यवस्थेत ज्युरीपुढे चालणाऱ्या दिवाणी खटल्याला एक चमत्कारिक नाव होतं: नायसाय प्रायस. शब्दशः अर्थ, ‘त्याआधी नाही तर’. खटल्याला असं अर्धवट नाव का पडावं, हे शब्दकोश उघडून कळत नाही. त्यासाठी 1285 सालापर्यंत मागे जावं लागतं. तेव्हा मोठे दावे वेस्टमिन्स्टरला, राजाच्या न्यायालयात चालत. ज्युरी मात्र जिथला तंटा तिथलीच हवी. म्हणजे बारा माणसांनी शेतीवाडी सोडून कित्येक दिवसांची वाट तुडवायची, तीही दुसऱ्याच्या भांडणासाठी. पहिल्या एडवर्डच्या काळातल्या वेस्टमिन्स्टरच्या दुसऱ्या कायद्याने यावर तोड काढली. शेरीफला, म्हणजे परगण्यातल्या राजाच्या अधिकाऱ्याला, हुकूम जाऊ लागला तो असा: अमुक तारखेला ज्युरीला वेस्टमिन्स्टरला हजर कर, त्याआधी राजाचे न्यायाधीश तुझ्या परगण्यात आले नाहीत तर. फिरतीवरचे न्यायाधीश त्याआधी येतच. किंबहुना ते येतील अशा बेतानेच तारीख घातलेली असे. त्यामुळे वेस्टमिन्स्टरची वारी कागदावरच राहिली आणि पळवाट म्हणून घातलेले दोन शब्द त्या अख्ख्या पद्धतीचं नाव होऊन बसले.

कॉमन लॉमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या राजाच्या न्यायालयांतून घडत गेलेल्या कायद्यात, लॅटिन कशी रुजली, हे या एका नावात बरंचसं दिसतं. लॅटिन म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे रोम, तिथला वक्ता सिसेरो आणि संगमरवरी खांब उभे राहतात. कोर्टातल्या लॅटिनपैकी पुष्कळशी मात्र रोमन कायद्यातून आलेलीच नाही. ती मध्ययुगीन इंग्लंडमध्ये थंडीत कुडकुडत चर्मपत्रावर हुकूम खरडणाऱ्या कारकुनांची लॅटिन आहे. गंमत अशी की युरोपच्या मुख्य भूमीवर इटलीतल्या बोलोन्याच्या विद्यापीठातून रोमन कायदा पुन्हा पसरला, आणि इंग्लंडने तो बराचसा दाराबाहेरच ठेवला. बाराव्या शतकाच्या मध्यावर व्हॅकेरियस नावाच्या इटालियन पंडिताने इंग्लंडमध्ये रोमन कायदा शिकवलाही, पण राजाच्या न्यायालयांनी आपली वाट सोडली नाही. शब्द लॅटिन, आशय देशी, असा हा प्रकार.

1066 च्या नॉर्मन विजयापूर्वी इंग्लंडमध्ये कायदे चक्क इंग्रजीत लिहिले जात. केंटचा राजा एथेलबर्ट याची साधारण 600 सालची संहिता जुन्या इंग्रजीत आहे. विजेता नॉर्मन राजा विल्यम यानेही सुरुवातीला काही हुकूम इंग्रजीत काढले. 1070 नंतर मात्र लॅटिनने ती जागा घेतली, आणि 1086 ची प्रसिद्ध जमीनमोजणी, डूम्सडे बुक, संपूर्ण लॅटिनमध्ये उतरली. कारण साधं होतं. लिहिता येणारी माणसं चर्चची होती आणि चर्चची भाषा लॅटिन होती. इंग्रजीत ‘क्लार्क’ आणि ‘क्लेरिक’ हे मुळात एकाच शब्दाचे दोन अवतार आहेत, ते उगाच नाही.

पुढे तीन भाषांचा संसार सुरू झाला. साक्षीदार इंग्रजीत बोलायचा, वकील नॉर्मनांच्या फ्रेंचमध्ये भांडायचे आणि कारकून त्याचा निकाल लॅटिनमध्ये नोंदवायचा. प्रत्येक वस्तूला लॅटिन शब्द कुठून मिळणार? मग ओळखीच्या शब्दाला लॅटिन शेपूट लागायचं, जसं मर्डरचं ‘मर्ड्रम’. तेही जमलं नाही, की जवळपासचा एखादा लॅटिन शब्द टाकून पुढे ‘अँग्लिसे’, म्हणजे ‘इंग्रजीत ज्याला म्हणतात’, असं लिहून सरळ इंग्रजी शब्द ठोकून द्यायचा. सिसेरोने हे वाचलं असतं तर कपाळाला हात लावला असता. वकिलांची फ्रेंच तर याहूनही ढासळली. 1631 मध्ये सॉल्झबरीला शिक्षा झालेल्या एका कैद्याने मुख्य न्यायाधीश रिचर्डसन यांच्यावर वीट भिरकावली. त्याची त्या काळच्या कायदेशीर फ्रेंचमधली नोंद अशी: त्याने ‘जेक्त अं ब्रिकबॅट’ (विटेचा तुकडा फेकला), जी ‘नॅरोली मिस्ट’ (थोडक्यात चुकली); म्हणजे फ्रेंचमध्ये सरळ इंग्रजी शब्द. त्या कैद्याला पुढे फासावर चढवलं गेलं, हे मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

लॅटिन टिकली ती मुख्यतः रिटमुळे. रिट म्हणजे राजाच्या दप्तरातून निघणारा, शिक्कामोर्तब केलेला चर्मपत्राचा छोटा तुकडा. तक्रारीचा प्रकार बदलला की रिट बदलायचं, आणि चुकीचं रिट घेऊन गेलेल्याचा दावा तिथेच बुडायचा. त्यामुळे कोणत्या रिटमध्ये कोणते शब्द येतात हे वकिलांना तोंडपाठ असे, आणि रिटला त्यातल्याच ठळक शब्दांनी ओळखण्याची रीत पडली. ‘मँडॅमस’ म्हणजे ‘आम्ही आज्ञा करतो’. ‘सर्शिओरेराय’ म्हणजे खालच्या न्यायालयातलं प्रकरण काय आहे ते ‘आम्हाला खात्रीने कळवलं जावं’. ‘फायराय फेशिअस’ म्हणजे शेरीफने ऋणकोच्या मालमत्तेतून पैसे ‘उभे करावेत’. कोर्टात याला नुसतं ‘फाय फा’ म्हणत. ‘सबपीना’ म्हणजे ‘दंडाच्या धाकाखाली’: साक्षीला ये, नाही तर दंड भर. ‘को वॉरंटो’, म्हणजे ‘कोणत्या अधिकाराने’, हा प्रश्न पहिल्या एडवर्डने 1278 नंतर आपल्या सरदारांना पद्धतशीरपणे विचारायला सुरुवात केली. तेव्हा अर्ल वॉरेनने गंजलेली तलवार पुढे करून ‘हाच माझा अधिकार’ म्हटल्याची आख्यायिका आहे. आख्यायिकाच ती, पण सरदारांना तो प्रश्न किती झोंबला असेल हे त्यातून कळतं.

आपण ‘जामीन’, ‘दावा’, ‘वकील’ म्हणताना फारसी बोलतोय असं कुणाला वाटत नाही. इंग्रज वकिलाचं या नावांशी असंच नातं जडलं. उच्चारावरूनही ते कळतं. रोमन माणूस ‘हाबेआस कोर्पुस’ म्हणाला असता, इंग्रजाने त्याचं ‘हेबिअस कॉर्पस’ केलं.

या हेबिअस कॉर्पसची कुळकथा सगळ्यांत बोलकी आहे. शब्दांचा अर्थ, ‘तू देह हजर ठेव’. आज हे शब्द ऐकले की बेकायदा अटकेतून सुटका आठवते. मुळात सुटकेशी त्यांचा संबंध नव्हता. मध्ययुगात हे शब्द शेरीफला सांगत की अमुक माणसाला आमच्यासमोर आण. तो आला, की त्याला सोडायचं की आत टाकायचं ते पुढचं पुढे. साक्षीसाठी कैद्याला आणवण्याचं वेगळं हेबिअस कॉर्पस होतं, खटला चालवण्यासाठी आणवण्याचं वेगळं. पंधराव्या-सोळाव्या शतकांत वेस्टमिन्स्टरच्या न्यायालयांनी या रिटचा नवा उपयोग शोधला. दुसऱ्या न्यायालयाने कोंडलेल्या माणसाला आपल्याकडे ओढून घ्यायचं आणि त्याला का धरलं आहे, असं विचारायचं. यामागे स्वातंत्र्याची तळमळ किती आणि न्यायालयांमधली हद्दीची चुरस किती, हे सांगणं कठीण. मला चुरस थोडी जास्तच दिसते.

खरी कसोटी 1627 मध्ये लागली. पहिल्या चार्ल्सने सक्तीचं कर्ज मागितलं, पाच सरदारांनी ते नाकारलं आणि ते तुरुंगात गेले. त्यांनी हेबिअस कॉर्पस मागितलं. तुरुंगाधिकाऱ्याचं उत्तर आलं: राजाच्या खास आज्ञेवरून धरलं आहे. गुन्हा कोणता, याचा पत्ता नाही. न्यायालयाने एवढ्यावर समाधान मानून त्यांना परत तुरुंगात पाठवलं. रिट बिनचूक निघालं, देह हजरही झाला, पण माणूस सुटला नाही. पुढच्याच वर्षी संसदेने ‘पिटिशन ऑफ राइट’मध्ये यावर बोट ठेवलं, आणि 1679 च्या हेबिअस कॉर्पस कायद्याने तुरुंगाधिकाऱ्यांच्या टाळाटाळीला मुदती आणि दंड लावले. लॅटिन शब्द तेच राहिले, त्यांचं काम मात्र चार शतकांत पार पालटलं.

रिटच्या नावांखेरीज दुसरा मोठा साठा सुभाषितवजा सूत्रांचा. इथे जरा जपून चालावं लागतं, कारण सूत्र लॅटिनमध्ये असलं की ते हजार-दोन हजार वर्षं जुनं असणार अशी आपली समजूत होते. ‘मेन्स रिआ’, म्हणजे दोषी मन, हेच घ्या. याचं मूळ रोमन फौजदारी कायद्यात नाही, संत ऑगस्टिनच्या एका प्रवचनात आहे. विषय होता खोटी शपथ. मन दोषी असल्याखेरीज जीभ दोषी ठरत नाही, असं त्याचं म्हणणं. 1118 च्या सुमाराच्या ‘लेगेस हेन्रिकी प्रिमी’ या इंग्लिश कायदेसंग्रहात ते शपथेच्या संदर्भातच आलं. पुढे सतराव्या शतकात इंग्लिश न्यायाधीश एडवर्ड कोक यांनी ‘कृत्य माणसाला दोषी ठरवत नाही, मन दोषी असल्याशिवाय’ हे सूत्र फौजदारी कायद्याला सरसकट लावलं. आणि त्याची जोडी समजला जाणारा ‘अॅक्टस रिअस’, म्हणजे दोषी कृत्य, हा शब्दप्रयोग? तो रूढ झाला विसाव्या शतकात, 1902 साली निघालेल्या केनी यांच्या पाठ्यपुस्तकापासून. त्यात व्याकरणाचाही घोळ आहे. मूळ सूत्रात ‘रेउम’, म्हणजे दोषी, हे विशेषण माणसाला लागतं. केनींच्या जोडशब्दात ते कृत्याला जाऊन चिकटलं.

‘केव्हिएट एम्प्टर’, म्हणजे खरेदीदाराने सावध राहावं, हेही असंच. रोमन कायदा विक्रेत्याला मालातल्या छुप्या दोषांसाठी बऱ्यापैकी जबाबदार धरत असे. हे वचन छापलेलं सापडतं ते 1534 च्या शेतीवरच्या एका इंग्रजी पुस्तकात, घोड्याच्या खरेदीसंदर्भात.

‘रेस इप्सा लोक्विटर’, म्हणजे ‘गोष्ट स्वतःच बोलते’, यात रोमचा खरा अंश आहे. खुनाचा आरोप असलेल्या मिलोच्या बचावात सिसेरोने इसवी सन पूर्व 52 मध्ये हे शब्द वापरले. पण कायद्याचं तत्त्व म्हणून ते आलं एकोणीस शतकांनी, तेही पिठाच्या पिंपामुळे. लिव्हरपूलमध्ये एक माणूस पिठाच्या व्यापाऱ्याच्या वखारीसमोरून चालला होता. वरून पिंप पडलं आणि तो जबर जखमी झाला. निष्काळजीपणा कुणाचा, हे त्याला सिद्ध करता येईना. 1863 च्या बर्न विरुद्ध बोडल या निकालात न्यायालय म्हणालं, वखारीतून पिंप आपोआप रस्त्यावर येत नसतं. आता खुलासा व्यापाऱ्याने करावा.

लॅटिन हटवण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. 1362 च्या कायद्याने न्यायालयात बोलणं इंग्रजीत करावं असं सांगितलं, नोंदी मात्र लॅटिनमध्येच ठेवल्या. हा कायदा स्वतः लिहिला होता फ्रेंचमध्ये. पहिल्या चार्ल्सचं डोकं उडवल्यावर आलेल्या प्रजासत्ताकाने 1650 मध्ये सगळं इंग्रजीत आणलं. 1660 मध्ये राजेशाही परतली आणि तिच्यामागोमाग लॅटिनही. शेवटी यॉर्कशायरच्या दंडाधिकाऱ्यांच्या तक्रारीवरून संसदेने पुन्हा कायदा केला आणि 25 मार्च 1733 पासून इंग्रजी सक्तीची झाली. दोषारोप इंग्रजीत लिहिणं जमलं, पण ‘नायसाय प्रायस’चं काय करणार? ‘त्याआधी नाही तर’ हे भाषांतर ऐकून कुणाला काय उमगणार? त्याच वर्षी दुरुस्ती करून ‘हेबिअस कॉर्पस’, ‘फायराय फेशिअस’ अशा रूढ संज्ञा लॅटिनमध्येच ठेवायची मुभा द्यावी लागली. पुढे कायदेपंडित ब्लॅकस्टोन यांनी कुरकुर केली की इंग्रजीमुळे सामान्य माणसाला कायदा जास्त कळू लागला असं काही नाही, उलट शब्द वाढले आणि कागदांचा खर्चही वाढला.

इंग्रजांच्या कायद्याबरोबर ही नावं समुद्रापार गेली. अमेरिकेच्या राज्यघटनेत हेबिअस कॉर्पस आहे. भारताच्या राज्यघटनेच्या अनुच्छेद 32 मध्ये पाच रिट नावानिशी आहेत, आणि त्यांतली चार नावं थेट लॅटिन आहेत.

खुद्द इंग्लंडने मात्र 26 एप्रिल 1999 रोजी न्यायाधीश लॉर्ड वुल्फ यांच्या शिफारशींवरून आलेल्या नव्या दिवाणी नियमांत बरीच झाडलोट केली. ‘एक्स पार्टे’च्या जागी ‘नोटीस न देता’ आलं, ‘इन कॅमेरा’च्या जागी ‘खासगीत’, दिवाणी ‘सबपीना’चं साधं साक्षीदार समन्स झालं. 2004 मध्ये सर्शिओरेरायचं ‘रद्द करणारा आदेश’ आणि मँडॅमसचं ‘बंधनकारक आदेश’ असं साध्या इंग्रजीत बारसं झालं. अर्ज कसा करायचा हे सांगणाऱ्या त्याच नियमांच्या 87 व्या भागाचं शीर्षक मात्र अजूनही हेबिअस कॉर्पसचंच नाव घेतं.