नैसर्गिक आपत्तीचे साहसपट

भूकंप, महापूर, त्सुनामी, ज्वालामुखी, चक्रीवादळ किंवा हिमस्खलन यांत सापडलेली माणसे जीव कसा वाचवतात, हाच ज्यांचा कथाविषय असतो असे चित्रपट. ‘आपत्तिपट’ या मोठ्या प्रकाराची ही एक शाखा. आपत्तिपटात पेटलेली इमारत किंवा बुडते जहाजही चालते. इथे गाठ निसर्गाशी असते. त्याला हरवता येत नाही, त्यामुळे नायकाचे यश म्हणजे जिवंत बाहेर पडणे, एवढेच.

या प्रकाराची खरी अडचण वेळेची आहे. चित्रपट दोन तासांचा, आणि मोठ्या भूकंपातही जमीन हलते ती बहुधा मिनिटभर. उलट दुष्काळ वर्षानुवर्षे रेंगाळतो. त्यावर सामाजिक चित्रपट निघतात, साहसपट जवळजवळ नाहीत. आपत्ती किती वेळ टिकते आणि ती कथेत कुठे बसवायची, यावरच पटकथेचा घाट ठरतो. ‘सॅन फ्रॅन्सिस्को’ (१९३६) या चित्रपटात १९०६ चा भूकंप अखेरच्या भागात येतो. तोवर प्रेमकथा चालते. ‘अर्थक्वेक’ (१९७४) मध्ये मोठा हादरा मध्याच्या सुमारास येऊन जातो आणि पुढचा ताण धरण फुटण्याच्या भीतीवर तोललेला असतो. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीवरचा ‘द इम्पॉसिबल’ (२०१२) लाट सुरुवातीलाच आणतो. उरलेला चित्रपट जखमा, इस्पितळ आणि ताटातूट झालेल्यांचा शोध यांचा आहे. नॉर्वेच्या ‘द वेव्ह’ने (२०१५) वेगळीच युक्ती केली. तिथे कडा खाडीत कोसळल्यापासून लाट गावात पोहोचेपर्यंत दहाच मिनिटे मिळतात, आणि प्रेक्षकाला ती मोजायला लावली जातात. या चारांत हा शेवटचा घाट सर्वांत काटेकोर म्हणावा लागेल.

चित्रीकरणात सर्वांत त्रास देते ते पाणी. एक घनमीटर पाण्याचे वजन एक टन. उंचावरच्या टाकीतून पाच घनमीटर सोडले तर खाली पाच टन कोसळतात, म्हणून ते उतरत्या घसरगुंडीवरून फोडून आणतात आणि थेट माऱ्याखाली कुणाला उभे करत नाहीत. वाहून येणारे ओंडके बाल्सासारख्या हलक्या लाकडाचे किंवा फोमचे असतात. पाणी हवेच्या सुमारे २४ पट सहज उष्णता वाहून नेते. ते कोमट केले नाही तर दोन-तीन टेकमध्येच नट कुडकुडू लागतो. स्वच्छ पाणी पडद्यावर पोहण्याच्या तलावासारखे दिसते, त्यामुळे ते गढूळ करावे लागते, पण डोळ्यांना न झोंबणाऱ्या रंगाने. वेशभूषा विभाग एकच सदरा कोरडा, ओला, चिखलाने माखलेला, फाटलेला अशा अनेक अवस्थांत तयार ठेवतो. चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नसल्याने गालावरची जखम मागच्या दृश्यापेक्षा ताजी दिसणे ही नेहमीची चूक. प्रत्येक टेकनंतर फोटो काढून ठेवणे हाच तिच्यावरचा उपाय.

छोट्या प्रतिकृतीत पूर दाखवायचा तर आणखी एक पेच येतो: घर लहान करता येते, थेंब लहान होत नाही. वस्तू जड भासावी म्हणून सेकंदाला जास्त फ्रेम (सुटी चित्रे) टिपतात, म्हणजे पडद्यावर हालचाल मंद दिसते. सेकंदाला २४ फ्रेम या नेहमीच्या वेगाला, प्रतिकृती जितक्या पट लहान असेल त्या आकड्याच्या वर्गमुळाने गुणायचे. प्रतिकृती १/४ असेल तर ४८ फ्रेम, १/१६ असेल तर ९६. तरीही १/१६ च्या घरावर पडलेला थेंब लिंबाएवढा भासतो, म्हणून पाण्यासाठी प्रतिकृती मोठ्याच बांधतात. संगणकावर हे बंधन सुटते, पण गणित फुगते. संगणक पाण्याचे जाळीच्या कप्प्यांत तुकडे करून हिशेब मांडतो. ही जाळी दुप्पट बारीक केली की कप्पे आठपट होतात, शिवाय काळाचे टप्पेही निम्मे करावे लागतात. काम सुमारे सोळापट वाढते. फेस आणि तुषार वेगळे करून चढवतात. ते कमी पडले की शंभर फुटांची लाटही बादलीतल्या पाण्यासारखी दिसते.

पावसाला मागून प्रकाश दिला नाही तर तो पडद्यावर दिसतच नाही. पडझडीच्या धुळीसाठी मुलतानी माती उडवण्याची जुनी रीत आहे. ती छातीत जाते, त्यामुळे मास्क लागतात. भूकंपासाठी कॅमेरा हलवणे सोपे, पण नुसता तोच हलवला तर टांगलेला दिवा चौकटीबरोबरच डुलतो आणि लबाडी उघडी पडते. दिवा, कपाट आणि माणूस यांनी आपापल्या लयीत हलले पाहिजे. आवाजाचे महत्त्व चित्राइतकेच. ‘अर्थक्वेक’साठी चित्रपटगृहांत ‘सेन्सराउंड’चे प्रचंड ध्वनिक्षेपक बसवले होते, त्यांची अतिखर्ज घरघर कानांपेक्षा छातीला जाणवे. ‘ट्विस्टर’मधील (१९९६) वादळाच्या आवाजात मंद केलेले उंटाचे ओरडणे मिसळले आहे.

शास्त्राशी तडजोड सगळेच करतात, पण काही चुका प्रेक्षकाच्या जिवाशी खेळतात. त्सुनामी बहुधा वळणाऱ्या भिंतीसारखी येत नाही. पाणी वेगाने चढत जाते आणि चढतच राहते. आधी समुद्र मागे हटतोच असेही नाही. वादळी भोवऱ्यात पुलाखाली आसरा घेणे पडद्यावर शहाणपणाचे वाटते, प्रत्यक्षात तिथे वाऱ्याचा वेग वाढतो. ज्वालामुखीत लाव्हापेक्षा जास्त बळी घेतात ते तप्त वायू-राखेचे लोट आणि चिखलाचे पूर. लाव्हापुढून बहुतेक वेळा चालतही निसटता येते. वाहते पाणी सहा इंच असले तरी माणूस पडू शकतो, दोन फुटांत बहुतेक गाड्या वाहून जातात. नायकाची गाडी मात्र बॉनेटपर्यंतच्या पाण्यातून निघते. ‘सॅन अँड्रियास’मध्ये (२०१५) भूकंप ९.६ तीव्रतेचा आहे, तर कॅलिफोर्नियातील त्याच नावाच्या भ्रंशावर (जमिनीतल्या मोठ्या भेगेवर) शास्त्रज्ञांच्या मते कमाल मर्यादा ८.३ च्या आसपास आहे. शिवाय तिथे जमिनीचे दोन भाग एकमेकांना घासून आडवे सरकतात, म्हणून दरीही उघडत नाही आणि महाकाय त्सुनामीही उठत नाही.

हिमस्खलनाच्या चित्रपटांत ओरडल्याने बर्फ सुटतो, ही निव्वळ दंतकथा. आवाजाचा दाब त्यासाठी फारच कमी असतो. बर्फ सुटतो तो बहुधा चालणाऱ्याच्या किंवा स्की करणाऱ्याच्या वजनाने, खालच्या कच्च्या थरावर. गाडला गेलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत सापडला तर बहुधा वाचतो, अर्ध्या तासानंतर आशा झपाट्याने घटते. या पंधरा मिनिटांवर अख्खा चित्रपट उभा राहत नाही, म्हणून पडद्यावर बर्फाखाली हमखास हवेची पोकळी निघते आणि नायक त्यात रात्र काढतो.